फक्त काच मिळत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

फुटला! माझ्याच हातानं फुटला.

ग्रंथालयाच्या सभागृहात पाणीपट्टीच्या वाढीवर बोलत होते. पंचविसाव्या मिनिटाला मूठ आपटली — ती मी आपटतेच, लोक वाटच बघत असतात — आणि समोरच्या उतरत्या मेजावर वेळ बघायला ठेवलेला फोन घसरला. खाली दगडी पायरी. पडला तो तोंडावर. टाळ्या! लोकांना वाटलं, हाही भाषणाचाच भाग. मी थांबले नाही. आणखी बारा मिनिटं बोलले, मग वाकून उचलला.

उजव्या कोपऱ्यात काचेचं अगदी पीठ झालंय. तिथून भेगा पार खालपर्यंत. आत मात्र सगळं शाबूत. चित्रं दिसतात, अक्षरं दिसतात, बोटानं चालतोसुद्धा — बोट कापून घ्यायची तयारी असेल तर.

घरी आल्यावर ह्यांना दाखवला. उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तुझ्या श्रोत्यांमधला पहिला बळी."

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली ह्यांनी. बोलतात तेही समासात लाल शाईनं लिहिल्यासारखं. एवढंसंच, पण झोंबतं.


४ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या सेवा केंद्रात गेले होते. सेवा! हा शब्द त्यांच्या पाटीवरून खरवडून काढला पाहिजे.

पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, आणि वास कसलाच नाही. माणसं काम करतात तिथे कसला ना कसला वास असतो — तेलाचा, कागदाचा, घामाचा. इथे काम होतच नसावं. इथे आकडे सांगतात. माझं टोकन सत्तेचाळीस. दीड तास बसले. समोर मोठ्या पडद्यावर एक बाई नवा फोन हातात घेऊन डोंगरावर धावत होती. दीड तास धावली. दमली नाही.

काउंटरवरचा माणूस पस्तिशीचा, गुळगुळीत, आवाज लोण्यासारखा.

"अठरा हजार चारशे, मॅडम."

"कशाचे?"

"स्क्रीनचे."

"अहो, दीड वर्षापूर्वी सबंध फोन सव्वीस हजारांना घेतला मी. म्हणजे बाकीचा फोन सात हजार सहाशेचा? बॅटरी, कॅमेरा, आतला मेंदू, सगळा मिळून?"

तो हसला. शिकवलेलं हसू. मी म्हटलं, स्क्रीन चांगली आहे, काच फुटलीय, काच तेवढी बदला.

"फक्त काच मिळत नाही, मॅडम."

"का नाही मिळत?"

"कंपनी देत नाही."

"मग ही काय आहे, बर्फ?"

काच, टच आणि डिस्प्ले मिळून एकच युनिट असतं म्हणे. खाली फ्रेमसुद्धा चिकटवलेली. एक गेलं की सगळं बदलायचं. म्हणजे खिडकीचं तावदान फुटलं, आता भिंत पाडू या! आणि हे तो असा सांगत होता की जणू निसर्गाचाच नियम. पाणी उताराकडे वाहतं, सूर्य पूर्वेला उगवतो, फक्त काच मिळत नाही.

मग त्यानं हळूच एक रंगीत पत्रक सरकवलं. नवा फोन, एकोणतीस हजार. "थोडे वर घातलेत की नवाच येईल, मॅडम."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अठरा हजार चारशे हा दुरुस्तीचा दर नाहीच. ती हाकलण्याची काठी आहे. दुरुस्तीच्या दारातून हाकला, विक्रीच्या दारातून आत घ्या. पत्रक तिथेच चुरगाळलं. केराची टोपलीसुद्धा सापडेना त्या स्वच्छ दुकानात! पर्समध्ये घालून घरी आणावं लागलं. किळस आली. अजून येतेय.


५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारभर जुनी पुस्तकं काढून बसले. निवृत्त झाले म्हणून इतिहास शिकवायची खोड काही जात नाही, आता मलाच शिकवते.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी आरशाची काच बनवणाऱ्या कारागिरांना एका बेटावर ठेवलेलं होतं. मान होता, पैसा होता. पण विद्या घेऊन बेट सोडलं तर घरच्यांना तुरुंग, आणि पळालेल्यामागे मारेकरी. काच स्वस्त होऊ नये म्हणून माणसं कोंडायची! आता माणसं कोंडत नाहीत. काचच कोंडतात, गोंदात.

हे वाक्य बरं आहे. वापरायचं.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगठ्यात काच गेली. ह्यांनी चिमट्यानं काढली, उजेडात धरून म्हणाले, "ही अठराशेची असेल."


७ फेब्रुवारी, शनिवार

माणूस सापडलं! माणूसच म्हणते, त्या पांढऱ्या दुकानानंतर हाच शब्द सुचतो.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याकडे कागद करायला गेले होते. त्यानं माझा फोन पाहिला आणि अंगठा शेजारच्या जिन्याकडे केला. "काचवालीकडे द्या. हात काय आहे तिचा!" जिन्याखाली चार फूट रुंद जागा. पाटी नाही. वर कोणी जिना चढलं की टेबलावरचे स्क्रू थरथरतात, म्हणून तिनं ते चुंबकावर ठेवलेत. बाई चाळिशीची, कपाळावर भिंग, डावरी. डाव्या तर्जनीवर भाजल्याची पांढरी खूण.

फोन हातात घेऊन तिनं चारी बाजूंनी पाहिला. "चित्र दिसतंय. रंग बरोबर आहेत. टच चालतोय. मग अठरा हजार कशाचे मागतात हो, ताई?"

"तेच विचारायला जन्म घेतलाय मी!"

तिनं मला जे समजावलं, ते त्या गुळगुळीत माणसाला दीड तासात जमलं नसतं. काच म्हणजे नुसतं झाकण, तीन-चारशेचं. पण खालच्या पॅनेलला ती अशा गोंदानं डकवतात की मधे हवेचा कणसुद्धा राहत नाही. पूर्वी दोन्ही वेगळी असत, काच गेली की काच बदलायची. "तसं चिकटवणं अगदीच खोटं नाही हं, ताई. फोन पातळ होतो, उन्हात बरा दिसतो. पण चिकटवताना, हे कधी सोडवावंही लागेल, असा विचारच कुणी केला नाही."

"केला, आणि म्हणूनच चिकटवलं!" मी म्हटलं.

"असेल. पॅनेलही महाग असतंच. सगळ्या जगात मोजकेच कारखाने ते बनवतात. पण कंपनीला पडतं त्यावर ती किती चढवते, ते तिलाच ठाऊक. दुसरीकडे मिळतच नाही म्हटल्यावर सांगेल तो भाव." शिवाय पॅनेलवर एक बारीक चिप असते. फोन तिला ओळखतो. परकं पॅनेल लावलं की पडद्यावर तक्रार करतो, हा भाग ओळखीचा नाही म्हणून.

म्हणजे यंत्राला चहाडीसुद्धा शिकवली! माझ्याच पैशांनी घेतलेलं यंत्र, माझीच चहाडी, त्यांच्याकडे!

तिची पद्धत अशी. फोन उघडायचा, पडदा सुटा करायचा, तव्यासारख्या तापलेल्या पाट्यावर ठेवायचा. गोंद मऊ झाला की केसाहून बारीक तार दोन्ही हातांत ताणून काच आणि पॅनेल यांच्या मधून ओढत न्यायची. सुतासुतानं. मग नवी काच, नवा गोंद, निळ्या दिव्याखाली सुकवणं, आणि शेवटी एका लोखंडी डब्यात हवेच्या दाबाखाली बुडबुडे घालवणं. दोन हजार दोनशे. "दहात एखादं जातं, पण बघू या."

आणि ती तार ओढत असताना मी — बोलले. राहवेना! झेरॉक्सवाला आला, काळ्या कोटातले दोन वकील थांबले, टंकलेखनवाल्या बाई खुर्ची घेऊनच बाहेर आल्या. पाऊण तास. "बोटभर काचेसाठी सबंध फोन ओलीस! आणि खंडणी कुठे भरायची? थंडगार खोलीत, टोकन घेऊन!" — हे तिथेच सुचलं. सगळे खदखदून हसले. काचवालीसुद्धा, मान वर करून. मग एकदम खाली बघितलं तिनं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, तुम्ही आता जा. संध्याकाळी या."

संध्याकाळी फोन तयार. मी बोट फिरवत राहिले. चरा नाही, बुडबुडा नाही.

"तेच पॅनेल, फक्त काच नवी! बघा, झालं की नाही?" गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं मी.

ती भिंग पुसत होती. "सांभाळा आता नीट," एवढंच म्हणाली.


११ फेब्रुवारी, बुधवार

ग्राहक संघाच्या चिटणीसांचा फोन. नव्या नियमाचा मसुदा आलाय: कंपन्यांनी सुटे भाग कुणाही दुरुस्ती करणाऱ्याला, रास्त भावात, वेगवेगळे विकले पाहिजेत. सोमवारी समितीपुढे सुनावणी. संघाकडून मी!

तडक काचवालीकडे गेले. तिचंच उदाहरण देणार म्हटलं. तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"माझं नाव घेऊ नका, ताई."

"अगं, अभिमानानं घेईन!"

"नको. मोठ्या ठिकाणी नाव गेलं की नोटीस होऊन परत येतं. सासरे अंथरुणावर आहेत, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घर या जिन्याखाली चालतं."

शब्द दिला. नाव नाही घेणार.


१६ फेब्रुवारी, सोमवार

काय झालं आज!

समितीचे पाच सदस्य, त्यातले दोघे जागे. डावीकडे कंपनीचे तीन वकील, बाटलीबंद पाणी, एकसारख्या वह्या. त्यांच्यातला एक आधी बोलला. "ग्राहकाची सुरक्षितता." फोन चिकटवतात ते आमच्या सुरक्षिततेसाठी! सुटी काच दिली तर आम्ही म्हणे इजा करून घेऊ. माझा अंगठा दाखवावासा वाटला त्याला.

मग मी. बेटावरच्या कारागिरांपासून सुरुवात केली. झोपलेले तिघे जागे झाले. मग टोकन, मग तावदान आणि भिंत, मग अठरा हजार चारशे. आणि मग —

"मी तिचं नाव सांगणार नाही! पण ती बसते कुठे, ते ऐका. न्यायालयाच्या इमारतीमागे! जिन्याखाली! जिथे न्याय मागायला माणसं पायऱ्या चढतात, त्याच पायऱ्यांखाली एक डावखुरी बाई वाकून, केसाएवढ्या तारेनं, तुमच्या नफ्याचा गोंद कापते आहे!"

जिना कोर्टाचा नाही, शेजारच्या इमारतीचा आहे. पण कोर्टाच्या मागेच आहे की. एवढं चालतं.

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी हातोडी आपटली, तीही कौतुकानं. कंपनीचा मधला वकील खाली मान घालून भराभरा लिहीत होता. मला वाटलं, मुद्दे उतरवतोय. लिही म्हटलं, लिही बापड्या, शीक काहीतरी!

हे मागच्या रांगेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "नाव नाही घेतलंस."

"नाहीच घेतलं! शब्द दिला होता."

"फक्त पत्ता दिलास."

ह्यांना आनंदावर पाणी ओतायला कुणी पगार देतं की काय!


१७ फेब्रुवारी, मंगळवार

वर्तमानपत्रात सहा ओळी. माझं नाव चुकलंय. ह्यांनी पेननं दुरुस्त करून कात्रण फ्रिजवर लावलं.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी तीनला झेरॉक्सवाल्याचा फोन. "बाई, लवकर या."

पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दोन पोलीस आले होते, आणि कंपनीचा एक कोट घातलेला माणूस, हातात कागद. बनावट स्क्रीन कंपनीच्या म्हणून विकते, अशी तक्रार. सदतीस पॅनेलं नेली. तापवायचा पाटा नेला. निळा दिवा, लोखंडी डबा — सगळं पोत्यात भरून. चुंबकावरचे स्क्रूसुद्धा.

झेरॉक्सवाल्यानं तक्रारीची प्रत दाखवली. त्याच्याकडेच काढली होती त्यांनी! तिसरी ओळ वाचली. "न्यायालयाच्या इमारतीमागे, जिन्याखाली बसणारी डावखुरी महिला."

माझे शब्द. माझ्याच क्रमानं.

केवढी कंपनी! उंच इमारती, डोंगरावर धावणाऱ्या बाया, आणि हिंमत कुणावर, तर चार फुटांच्या जिन्यावर! थुंकावंसं वाटलं. थुंकणार कुठे? तो कागद माझ्या भाषणाचा होता. नाव दिलं नाही म्हणून तीन दिवस मी स्वतःची पाठ थोपटत होते. शी! शी!! आज आरशासमोर केस विंचरले नाहीत.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

गेले तिच्याकडे. रिकाम्या टेबलापाशी उपड्या बादलीवर बसली होती. भिंग अजून कपाळावर. न्यायला विसरले असावेत.

चिडली असती तर बरं झालं असतं. मी तयारी करून गेले होते चार शिव्या खायची.

"नाव नाही घेतलंत. ऐकलं मी," ती म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच तेवढंच ऐकलं असावं तिनं कुणाकडून तरी. की टोमणाच होता? अजून ठरत नाही माझं.

मी म्हटलं, मी यातून तुला बाहेर काढणार. वकील देते, संघ उभा करते, सभा घेते —

"सभा नको," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.


२१ फेब्रुवारी, शनिवार

पोलीस ठाण्यात होतो सकाळभर. ती, मी, संघाचे चिटणीस. समोर थकलेला फौजदार आणि तो कोटवाला. कोटाच्या खिशातून पेन काढायचा, टोपण लावायचा, पुन्हा काढायचा. मला ते पेन घेऊन खिडकीबाहेर भिरकवावंसं वाटत होतं.

तिनं सांगितलं, मी स्क्रीन विकत नाही, साहेब. गिऱ्हाइकाच्याच पॅनेलवर काच बसवते. ही सदतीस मेलेल्या फोनांची आहेत, हात बसावा म्हणून ठेवलेली.

कोटवाला म्हणाला, हे सगळे असंच सांगतात.

फौजदारानं डोळे चोळले. "वाद नको. प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर आकडा छापलेला असतो ना? कोणत्या फोनात कुठला बसवला, ती नोंद कंपनीकडे आहे. बाई, तुम्ही केलेले फोन आणा पाच-सहा. मंगळवारी कंपनीचा तपासणारा येईल, माझ्यासमोर उघडेल. सगळे जुळले तर सामान उचला आणि जा. एक जरी नाही जुळला, तरी गुन्हा दाखल."

"आणते, साहेब," ती म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं —"

आणि मी उठले! "हा घ्या पहिला!" फोन त्याच्या टेबलावर ठेवला. "हिनं केलेला! पॅनेल तेच, काच नवी! चार माणसांदेखत केलाय! उघडा, बघा, आणि मग या गृहस्थांना माफी मागायला सांगा!"

कुणीतरी माझी बाही ओढत होतं. मी हात सोडवून घेतला.

फौजदारानं फोनचा क्रमांक वहीत उतरवला, माझी सही घेतली, फोन परत दिला. "मंगळवारी हा आणायचाच, बाई. हा आता नोंदीत आला."

बाहेर आल्यावर पाहिलं. बाही ओढणारी ती होती. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, घाबरू नकोस गं, आपण जिंकलो! ती चालू लागली.


२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठला दारात उभी. आत यायला तयार नव्हती. ह्यांनी आणली हाताला धरून, स्वयंपाकघरात बसवली, चहा ठेवला.

"ताई, तुमचा फोन नका देऊ."

"का?"

"त्यातलं पॅनेल तुमचं नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुमचं चिरलं. तार खाली गेली. पडद्यावर काळी रेघ आली, पार आडवी. मग एका पाण्यात पडून मेलेल्या फोनातलं काढून घातलं. कंपनीचंच, अस्सल. तुमची चिप काढून त्याच्यावर बसवली, म्हणून तुमचा फोन गप्प राहिला. पण पाठीवरचा आकडा त्या दुसऱ्या फोनाचा आहे."

"कधी चिरलं?"

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. मग कपाकडे.

"तुम्ही ते ओलीस म्हणालात ना — तेव्हा. मला हसू आलं. वर बघितलं मी."

चहा उतू जायला आला. ह्यांनी गॅस बंद केला.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"चूक माझी झाली होती. मग भरून मीच द्यायचं ना. तुम्हाला सांगून काय?" मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यावरही बोलला असता."

हे हसले नाहीत. इतकी वर्षं अशाच वाक्याची वाट बघितली असेल ह्यांनी, आणि हसले नाहीत!

बाकी सहा फोन तिच्याकडे आहेत. तीन वकिलांचे, एक टंकलेखनवाल्या बाईंचा, दोन शाळेतल्या शिक्षकांचे. सगळ्यांची पॅनेलं त्यांचीच, शपथेवर सांगते म्हणाली. फक्त माझा. नोंदीत आलेला फक्त माझा.

मी म्हटलं, हरवला म्हणून सांगते. ती म्हणाली, भर ठाण्यात टेबलावर आपटलेला फोन दोन दिवसांत हरवला, तर तो कोटवाला नुसता हसेल. मग मी म्हटलं, ठीक आहे, मंगळवारी उभी राहते आणि जे झालं ते सगळं सांगते. अस्सल भाग आहे, कुणाची फसवणूक नाही, उलट पदरमोड करून तू मला — मी समजावते त्यांना, मी नीट समजावलं की —

तिनं दोन्ही हात जोडले. टेबलावर कोपरं टेकून, डोळे मिटून.

"नका समजावू, ताई. पाया पडते. तुम्ही समजावू नका."

ती गेल्यावर चहा तसाच होता, साय धरलेला. मी बसून राहिले. पन्नास वर्षांत लोकांनी मला बोला म्हटलंय, आणखी बोला म्हटलंय, एकदा दगडही मारलाय. हात जोडून गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

या कंपनीची मला किळस आहे. त्यांच्या गोंदाची, चिपेची, त्या पेनाच्या टोपणाची. पण आज सगळ्यात जास्त माझ्या त्या पाऊण तासाची आहे. काय थाटात उभी होते मी! तिच्या हातात तार होती, आणि मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. वकिलांकडे बघत होते. हसले का ते.


२३ फेब्रुवारी, सोमवार

निघताना टेबलावर पाकीट होतं. ह्यांनी ठेवलेलं. बरोबर तेवढेच. कुठे चाललीस, विचारलं नाही.

सेवा केंद्रात सकाळी फक्त तिघं होतो. फोन पुढे केला. "याला तर काही झालेलं नाही, मॅडम." म्हटलं, साधी दुरुस्ती केली होती, मन मानत नाही, मला कंपनीचीच स्क्रीन हवी, पूर्ण, बिलासकट. अठरा हजार चारशे मोजून दिले. काढलेला भाग परत मिळत नाही, कंपनी तो तिथल्या तिथे नष्ट करते, इथे सही करा. केली. मागच्या खोलीतलं यंत्र काचेपलीकडून दिसत होतं. तो तुकडा आत गेला, भुगा झाला, तोवर उभी राहिले. उद्या फौजदारासमोर उघडतील तेव्हा या फोनात त्यांचाच पडदा निघेल, नोंदीत असलेला. आणि माझ्या सहीचं बिल बहुधा आजच त्यांच्या वकिलाकडे जाईल. समितीपुढे ठेवतील. ठेवू देत.

त्या गुळगुळीत माणसानं मला आता ओळखलं. आत जाऊन साहेबांना घेऊन आला. एक फोटो काढू का, मॅडम, भिंतीवर लावायला? समाधानी ग्राहक म्हणून. फोन दोन्ही हातांत धरा. थोडं हसा.

हसले.